‘तिकडे डोक्यावर स्कार्फ चालतो का गं?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर दापोली तालुक्यातलं, शाळा मराठी माध्यमाची. गेली १६ वर्षं मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका शहरात फार्मासिस्ट म्हणून काम करते. डोक्यावर हिजाब असतो. दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असो, कोकणातून आलेले पाहुणे असोत की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटणारी मंडळी, प्रश्न तेच ते असतात. दर वेळी टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. मी वकील नाही, आलिमा म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली बाईही नाही. जे वाचलंय, पाहिलंय आणि सोसलंय तेवढंच सांगते.

हिजाब, नकाब, बुरखा हे सगळं एकच ना?

नाही. हिजाबात केस, कान आणि मान झाकलेली असते, चेहरा उघडा. नकाबात डोळे तेवढे दिसतात. बुरख्याचा मात्र घोळ आहे. मुंबईत आपण काळ्या पायघोळ झग्यालाच बुरखा म्हणतो, मग चेहरा उघडा का असेना. युरोपात बुरखा म्हटलं की लोकांना डोळ्यांपुढे जाळी असलेला अफगाणी बुरखा आठवतो. त्यामुळे ‘अमुक देशात बुरखाबंदी’ अशी बातमी मराठीत येते, तेव्हा माझ्या आईचा घाबरून फोन येतो. आई, ती बंदी चेहरा झाकण्यावर आहे, माझ्या स्कार्फवर नाही.

कुराणात स्त्रियांच्या पोशाखासंबंधीची जी आयत सगळ्यात जास्त सांगितली जाते ती सूरह अन-नूर या अध्यायातली ३१वी. तिथे शब्द आहे ‘खिमार’, म्हणजे ओढणी. ‘हिजाब’ हा शब्द कुराणात येतो तो पडदा, आडोसा अशा अर्थाने. माझी आजी साडीचा पदर डोक्यावरून घ्यायची आणि भाताच्या लावणीला जायची. तिच्या तोंडून ‘हिजाब’ हा शब्द मी कधी ऐकला नाही.

उकडत नाही का?

उकडतं. जुलैमध्ये बसच्या वरच्या मजल्यावर तर फारच. पण दापोलीच्या मे महिन्यातून आलेल्या बाईला इंग्लंडच्या उन्हाळ्याची भीती घालू नका.

जरा तपशील सांगते, कारण हे कोणी विचारत नाही आणि रोजचं आयुष्य यातच जातं. आत सुती टोपी, तिच्यावर स्कार्फ, साधारण पावणेदोन-दोन मीटर लांब. जर्सीचं कापड घसरत नाही, शिफॉन दिसतं छान पण दिवसभर सांभाळावं लागतं. पूर्वी टाचण्या लावायचे, हनुवटीखाली दोनदा रक्त निघालं. आता चुंबकाच्या टिकल्या वापरते. सकाळी गुंडाळायला दीड मिनिट लागतं आणि महत्त्वाची मीटिंग असली की हमखास दहा मिनिटं.

नवऱ्याने घालायला लावलं का?

हा प्रश्न मला हिंदू मैत्रिणी हळू आवाजात विचारतात, इंग्रज बायका डोळ्यांनी विचारतात, आणि माझ्या नवऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. मी हिजाब लग्नानंतर चार वर्षांनी घालायला लागले. नवऱ्याचं पहिलं वाक्य होतं, ‘नोकरीत त्रास होईल, विचार कर.’ म्हणजे त्याने अडवलंच म्हणायचं.

तरी प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सक्ती होते. घरातून होते, जमातीतून होते, ‘लोक काय म्हणतील’ यातून होते. रत्नागिरी जिल्ह्यातलेच हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ला सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत सचिवालयावर गेले होते. त्या तोंडी तलाकविरुद्ध बोलत होत्या. आपल्या घरातलं दुखणं घरातल्याच बाईने बोलायचं, ही रीत आमच्या भागाला नवी नाही. मला राग येतो तो एवढ्याचाच, की सक्तीच्या बाजूने बोलणारा आणि सक्तीच्या विरुद्ध बोलणारा, दोघेही समोर बसलेल्या बाईचं उत्तर ऐकायच्या आधीच ठरवून आलेले असतात.

पाश्चात्य देशांतल्या सगळ्याच मुस्लिम बायका घालतात का?

छे. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१७मध्ये पाहणी केली. घराबाहेर नेहमी हिजाब घालणाऱ्या ३८ टक्के निघाल्या आणि कधीच न घालणाऱ्या ४२ टक्के. उरलेल्या अधूनमधून घालणाऱ्या. माझ्या सख्ख्या बहिणीने घातलेला नाही, आणि ती नमाज माझ्यापेक्षा वक्तशीर पढते.

पण युरोपात हिजाबवर बंदी आहे ना?

या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तरी खोटं आणि ‘नाही’ म्हटलं तरी खोटं. देश कोणता, जागा कोणती आणि त्या जागेवर तुम्ही कोण, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात.

चेहरा झाकण्यावरची बंदी वेगळी. फ्रान्समध्ये ती एप्रिल २०११पासून आहे, दंड १५० युरोपर्यंत. त्याच वर्षी बेल्जियम, २०१७ला ऑस्ट्रिया, २०१८ला डेन्मार्क. नेदरलँड्समध्ये २०१९पासून शाळा, दवाखाने, सरकारी इमारती आणि बस-ट्रेनपुरती. स्वित्झर्लंडने २०२१मध्ये सार्वमत घेतलं, ५१.२ टक्के लोक बंदीच्या बाजूने पडले आणि १ जानेवारी २०२५पासून कायदा लागू झाला. फ्रान्समध्ये कायदा होताना चेहरा झाकणाऱ्या बायका किती, तर सरकारचाच अंदाज दोन हजारांच्या आतला होता. पुढे २०२०मध्ये करोना आला, मास्क सक्तीचा झाला आणि चेहरा झाकायची बंदीही कायम राहिली. पुण्यात स्कूटीवरच्या मुली धुळीसाठी चेहऱ्याला ओढणी गुंडाळतात, डोळ्यांवर गॉगल, हातात पांढरे मोजे. हाच अवतार मी इथल्या एका सहकाऱ्याला फोटोत दाखवला तर तो म्हणाला, ‘पुण्यात इतक्या मुस्लिम मुली आहेत?’

हिजाबचं, म्हणजे नुसते केस झाकण्याचं म्हणाल, तर रस्त्याने हिजाब घालून चालायला पश्चिम युरोपात कुठेच मनाई नाही. अडतं ते शाळेत, सरकारी नोकरीत आणि काही खासगी कंपन्यांत. ब्रिटनमध्ये तर पोलीसच घालतात. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २००१मध्ये गणवेशात हिजाब घेतला, स्कॉटलंडने २०१६मध्ये, न्यूझीलंडने २०२०मध्ये.

ऑस्ट्रियाने १० वर्षांपर्यंतच्या मुलींना शाळेत स्कार्फ बंद केला होता, तो कायदा डिसेंबर २०२०मध्ये तिथल्याच घटना न्यायालयाने रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं, की एकाच धर्माला वेचून काढून तटस्थता साधत नाही.

फ्रान्सचं नेमकं दुखणं काय?

हे समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. आपल्याकडे धर्मनिरपेक्षता म्हणजे सरकारने सगळ्या सणांना सुट्टी द्यायची. फ्रान्समध्ये ‘लाईसिते’ म्हणजे सरकारच्या दारात धर्म आणायचाच नाही. कॅथलिक चर्चशी दीर्घ भांडण करून त्यांनी १९०५मध्ये चर्च आणि सरकार वेगळं केलं. सरकारी शाळा ही त्या भांडणातली जिंकलेली गढी. त्यामुळे १९८९मध्ये पॅरिसच्या उत्तरेला क्रेय नावाच्या गावात तीन मुली स्कार्फ घालून शाळेत आल्या आणि त्यांना वर्गाबाहेर ठेवलं, तेव्हा अख्खा देश भांडायला लागला. स्कार्फ तीन आणि अग्रलेख शेकडो.

पंधरा वर्षांनी, मार्च २००४मध्ये, कायदा आला : सरकारी शाळांत ठळकपणे दिसणारी धर्मचिन्हं नकोत. यात शिखांची पगडी आली, ज्यूंची टोपी आली, मोठा क्रॉसही आला. विद्यापीठात मात्र हा नियम नाही. म्हणजे बारावीपर्यंत जो स्कार्फ प्रजासत्ताकाला धोका असतो, तो जूनमध्ये परीक्षा संपली आणि सप्टेंबरमध्ये कॉलेजला गेली की धोका राहत नाही. हे मी थट्टेने लिहितेय, पण त्यांचं उत्तरही ऐकून घ्या : विद्यापीठात सज्ञान माणसं असतात, शाळेत मुलं असतात, आणि घरातल्या सक्तीपासून मुलीला निदान शाळेचे सहा तास तरी मोकळे मिळावेत. हे म्हणणाऱ्यांत मुस्लिम बायकाही आहेत. त्यांचा हा मुद्दा मला अजून पूर्ण खोडता आलेला नाही.

पण सवय लागली की कापडाची लांबी मोजणं थांबत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरच्या कान (Cannes), नीस आणि आसपासच्या गावांनी समुद्रकिनाऱ्यावर बुर्किनीला बंदी केली. बुर्किनी म्हणजे अंगभर पोहण्याचा पोशाख, तो तयार केला ऑस्ट्रेलियातल्या आहेदा झनेटी यांनी. फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टअखेर विलनव-लूबेच्या बंदीला स्थगिती दिली आणि बाकीच्या बंद्यांचीही हवा गेली. मग २०२३मध्ये शाळांत अबायाला, म्हणजे सैल लांब झग्याला, बंदी. शाळेच्या पहिल्याच दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या, त्यातल्या ६७ जणींनी तो उतरवायला नकार दिला आणि घरी गेल्या. सैल लांब झगा धार्मिक कधी आणि नुसता झगा कधी, हे ठरवणार कोण? फाटकावर उभा असलेला मुख्याध्यापक. कोणाच्या अंगावर आहे ते पाहून.

हिजाब घालून नोकरी मिळते का?

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. ‘का घालतेस’ हे विचारणारे शंभर भेटतात, ‘पगार किती बुडाला’ हे विचारणारा एखादाच.

जर्मनीतला एक प्रयोग सांगते. अर्थशास्त्रज्ञ डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी एकाच शिक्षणाचे, एकाच अनुभवाचे खोटे अर्ज कंपन्यांना पाठवले. तिकडे अर्जाला फोटो लावायची पद्धत आहे. फोटोतली बाईही तीच. ‘झांड्रा बाउअर’ या जर्मन नावाला १८.८ टक्के ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं. ‘मेरयेम ओझतुर्क’ या तुर्की नावाला १३.५ टक्के. आणि त्याच मेरयेमने फोटोत स्कार्फ घातला तर ४.२ टक्के. २०१६मध्ये हे आकडे आले. नावाने जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त कापडाने झालं.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत बाजू बरीच भक्कम आहे. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २००८मध्ये समांथा एलॉफ नावाची १७ वर्षांची मुलगी ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीत मुलाखतीला गेली, काळा स्कार्फ घालून. मुलाखत चांगली झाली, नोकरी मिळाली नाही, कारण कंपनीच्या ‘लूक’मध्ये डोक्यावरचं काही बसत नव्हतं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जून २०१५मध्ये ८ विरुद्ध १ असा निकाल तिच्या बाजूने लागला. कंपनी म्हणत होती, तिने धार्मिक सवलत मागितलीच नव्हती. न्यायालय म्हणालं, ती लागेल या शंकेनेच तुम्ही तिला नाकारलं असेल तर तोही भेदभावच.

युरोपियन युनियनमध्ये उलटं आहे. युनियनच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने १४ मार्च २०१७ला एकाच दिवशी दोन निकाल दिले. बेल्जियममधली एक रिसेप्शनिस्ट : कंपनीचा ‘कोणतंच धार्मिक किंवा राजकीय चिन्ह नको’ असा सरसकट नियम असेल तर स्कार्फवरून काढणं हा थेट भेदभाव नाही. फ्रान्समधली एक इंजिनिअर : फक्त एका गिऱ्हाईकाने तक्रार केली म्हणून काढता येणार नाही. दोन्ही एकत्र वाचा आणि मालकाच्या जागी बसून विचार करा. काढायचं असेल तर आधी सगळ्यांसाठी नियम लिहा, मग काढा. २०२१ आणि २०२३च्या निकालांनी थोड्या अटी घातल्या, पण गाभा तोच राहिला.

जर्मनीत फेरेश्ता लुडिन या शिक्षिकेला स्टुटगार्टकडे १९९८मध्ये नोकरी नाकारली. २००३मध्ये घटना न्यायालय म्हणालं, कायदा नसताना अशी मनाई करता येत नाही. झालं, अनेक राज्यांनी लगोलग कायदे केले! २०१५मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की सरसकट बंदी चालणार नाही. एका बाईच्या नोकरीचं वय तेवढ्यात उलटून जातं.

आणि कॅनडा मोकळा देश म्हणून ओळखला जातो, तर तिथल्या क्विबेक प्रांताने जून २०१९मध्ये कायदा केला : सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, न्यायाधीश यांनी कामावर धर्मचिन्ह घालायचं नाही. आधीपासून नोकरीत असलेल्यांना सूट, पण ते त्याच पदावर आहेत तोवर. म्हणजे बढती हवी असेल तर स्कार्फ काढा. डिसेंबर २०२१मध्ये चेल्सी गावातल्या एका तिसरीच्या शिक्षिकेला वर्गातून हलवलं, तेव्हा पालकांनी आणि मुलांनी शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती बांधल्या.

आता माझी एक मैत्रीण. फ्रान्समधल्या ल्योंची, आई-वडील मोरोक्कोचे. इंग्लंडच्या शाळांत फ्रेंच बोलायला शिकवण्यासाठी तिकडून तरुण सहाय्यक येतात, तशी ती एक वर्ष इथे आली होती आणि आमच्या गल्लीत राहायची. इथल्या सरकारी शाळेत ती स्कार्फ घालून वर्ग घ्यायची, मुलं तिला रोज ‘आज कुठला रंग?’ विचारायची. परत गेली आणि तिकडे शिक्षिका झाली. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा सकाळी तिच्यासोबत गाडीत बसले. शाळेच्या दोनशे मीटर अलीकडे एका बेकरीसमोर ती गाडी थांबवते. आरसा खाली करते, टाचण्या काढून डॅशबोर्डवरच्या पेपरमिंटच्या डबीत टाकते, स्कार्फची घडी घालते, केसांवरून हात फिरवते. सगळं मिळून मिनिटभर. एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, ‘पगार चांगला आहे,’ आणि गिअर टाकला.

तुला स्वतःला नोकरीत अडचण आली?

सुरुवातीला एका मुलाखतीत विचारलं होतं, ‘काउंटरवर गिऱ्हाइकांना अवघड वाटणार नाही ना?’ मी म्हटलं, ‘मूळव्याधीचं मलम मागताना लोकांना पुरुष फार्मासिस्टचं जास्त अवघड वाटतं.’ नोकरी मिळाली नाही, पण उत्तराचा पश्चात्ताप नाही. दुसरीकडे लागले.

ब्रिटनमध्ये २०१०चा समानता कायदा आहे, त्यामुळे असं उघड विचारायला आता लोक कचरतात. पण हे फार जुनं नाही. शिखांना १९८३च्या एका निकालाने ‘वांशिक गट’ म्हणून संरक्षण मिळालं. मुस्लिम हा वंश नव्हे, म्हणून आम्ही त्याबाहेर राहिलो. ग्रेट ब्रिटनमध्ये नोकरीतला धार्मिक भेदभाव बेकायदा ठरला तो डिसेंबर २००३मध्ये. रत्नागिरी-रायगडमधून आलेल्या आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांनी कारखान्यांत, शिवणकामात आयुष्य काढलं, त्यांनी तक्रार करायची म्हटली असती तर कोणत्या कलमाखाली केली असती?

रस्त्यावर त्रास होतो का?

रोज नाही. वर्षातून दोन-तीनदा, आणि बातम्यांत काही स्फोटक घडलं की त्या आठवड्यात जास्त. २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर बस स्टॉपवर एक जण तोंडाजवळ येऊन ओरडला, ‘घरी जा!’ मी घरीच चालले होते. ५.४० ची बस होती, तीही उशिरा आली. घरी पोचल्यावर हसत हसत सांगितलं आणि मग कांदा चिरताना हात थरथरत होते. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या इंग्रज बाईने त्या वेळी काही केलं नाही, फक्त आपली पिशवी उचलून माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये ठेवली आणि तिथेच उभी राहिली. ते मला जास्त आठवतं.

हे किरकोळ. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मरवा एल-शेरबिनी ही इजिप्शियन बाई खेळाच्या मैदानावर मुलाला घेऊन गेली होती. झोपाळ्यावरून वाद झाला आणि एकाने तिला दहशतवादी म्हणून शिव्या दिल्या. तिने तक्रार केली. त्याच खटल्यात १ जुलै २००९ला भर कोर्टात त्या माणसाने तिला चाकूने भोसकून मारलं. ती गरोदर होती, तीन वर्षांचा मुलगा समोर होता. वाचवायला धावलेल्या नवऱ्याला पोलिसाने हल्लेखोर समजून गोळी घातली, तो कसाबसा वाचला. मरवा माझ्याच धंद्यातली, फार्मासिस्ट. तक्रार करायला जा, असं मी तरुण मुलींना नेहमी सांगते. सांगताना दर वेळी मला ती आठवते.

दुसरी बाजूही आहे. मार्च २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, त्यानंतरच्या शुक्रवारी न्यूझीलंडमध्ये असंख्य बिगरमुस्लिम बायकांनी डोक्यावर स्कार्फ घेतला. काहींना तो दिखावा वाटला. मी दुकानाच्या मागच्या खोलीत फोनवर ते फोटो बघत रडले.

विमानतळावर, पासपोर्टच्या फोटोत स्कार्फ काढावा लागतो?

ब्रिटन आणि अमेरिकेच्या पासपोर्ट फोटोत धार्मिक कारणाने डोकं झाकलेलं चालतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा स्पष्ट दिसायला हवा, सावली नको. विमानतळावर कधी बाई अधिकारी डोक्यावरून हात फिरवून बघते. काढायलाच सांगितलं तर आडोशाला, बाई अधिकाऱ्यासमोर, असं मागायचं. शांतपणे मागितलं की बहुधा मिळतं.

पोलीस ठाण्यातला फोटो हे अमेरिकेत मोठं प्रकरण झालं. न्यूयॉर्कमध्ये अटकेनंतर स्कार्फ काढायला लावून फोटो काढले म्हणून दोन बायकांनी दावा लावला. पोलिसांनी २०२०मध्ये नियम बदलला आणि २०२४मध्ये शहराने १ कोटी ७५ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

डॉक्टर, नर्स असेल तर ऑपरेशन थिएटरमध्ये काय करतात?

बरीच वर्षं थिएटरच्या दाराशी घासाघीस चालायची, कारण दिवसभर वापरलेलं कापड आत कसं न्यायचं? डर्बीच्या रॉयल डर्बी हॉस्पिटलने २०१९मध्ये एकदा वापरून टाकायचे निर्जंतुक हिजाब ठेवले आणि प्रश्न मिटला. काही रुपयांच्या वस्तूने मिटणाऱ्या गोष्टीवर परिसंवाद भरायचे, हे मला फार ओळखीचं वाटतं.

खेळात?

फुटबॉलच्या फिफाने हिजाबवरची मनाई २०१४मध्ये उठवली, बास्केटबॉलच्या फिबाने २०१७मध्ये. त्याआधी, २०११मध्ये, इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोकं झाकलं म्हणून ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळताच आला नव्हता. इब्तिहाज मुहम्मद २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून हिजाब घालून तलवारबाजी खेळली आणि संघासोबत कांस्य घेऊन आली. मोरोक्कोची नुहैला बेनझीना २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकात हिजाब घालून खेळली.

आणि मग २०२४चं पॅरिस. बाहेरच्या देशांच्या खेळाडूंना हिजाब चालेल, फ्रान्सच्या स्वतःच्या खेळाडूंना नाही. धावपटू सुंकांबा सिला उद्घाटन सोहळ्याला जाणार की नाही इथपर्यंत आलं, शेवटी टोपी घालून गेली. पाहुणीला जे चालतं ते घरच्या मुलीला नाही. आपल्या घरांतही असतंच म्हणा हे.

इराणमध्ये बायका हिजाब जाळतात आणि तुम्ही तिकडे हक्क मागता, हे कसं?

इराणमध्ये १९८३पासून डोकं न झाकणं हा कायद्याने गुन्हा आहे. सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनी नीतिपोलिसांच्या ताब्यात असताना मेली आणि बायका रस्त्यावर उतरल्या. मी त्यांच्या बाजूची आहे, यात मला अडखळायला होत नाही. तेहरानमध्ये पोलीस डोक्यावर घालायला लावतो, ल्योंमध्ये मुख्याध्यापक काढायला लावतो. दोघांचं वजन सारखं नाही, तेहरानमध्ये जीव जातो. पण ल्योंची माझी मैत्रीण बेकरीसमोर गाडी थांबवते तेव्हा तिला तेहरानचं उदाहरण देऊन गप्प करणं मला पटत नाही.

मुस्लिम बायकांतही एकमत नाही. न्यूयॉर्कच्या नझमा खान यांनी २०१३मध्ये १ फेब्रुवारीला ‘जागतिक हिजाब दिन’ सुरू केला. अमेरिकेतल्याच आसरा नोमानी यांच्यासारख्या मुस्लिम लेखिकांनी त्यावर उघड टीका केली, की एकजूट दाखवायच्या नादात तुम्ही सक्तीला बळ देताय. मी त्या दिवसाला जात नाही. मला एका दिवसासाठी कोणी माझ्यासारखं दिसावं असं वाटत नाही, बाकीचे ३६४ दिवस नीट जावेत असं वाटतं.

कोणी काढला तर?

काढतात. हिजाब घालून रॅम्पवर चालणारी अमेरिकन मॉडेल हलीमा एडन हिने २०२०मध्ये स्कार्फ कायम ठेवला आणि मॉडेलिंग सोडलं. माझ्या ओळखीतल्या दोघींनी उलट केलं, स्कार्फ सोडला. एकीला मशिदीतल्या बायका बोलेनाशा झाल्या, दुसरीला ऑफिसात ‘आता किती मोकळी दिसतेस!’ म्हणून केक आणला. तिला केकचाच जास्त राग आला.

भारतात चाललंय ते आणि हे एकच का?

वाद ओळखीचे आहेत. कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजांमधल्या हिजाबबंदीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ऑक्टोबर २०२२मध्ये दोन विरुद्ध निकाल दिले. चेंबूरच्या एका कॉलेजच्या मनाईला मुंबई उच्च न्यायालयाने हात लावला नाही, ऑगस्ट २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती तिला स्थगिती दिली. पण आपल्याकडे टिळा, पगडी, मंगळसूत्र सगळं वर्गात असतं, त्यामुळे फ्रान्सचं लाईसितेचं कारण इकडे जसंच्या तसं लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

ऑफिसात हिजाबवाली सहकारी आहे, काय बोलावं?

कामाचं बोला. हस्तांदोलनाचं प्रत्येकीचं वेगळं असतं, तिने हात पुढे केला तर मिळवा, छातीवर हात ठेवला तर तुम्हीही ठेवा. स्कार्फचा रंग आवडला तर सांगा, साडीचा सांगता तसंच. जगात कुठेही बॉम्ब फुटला की ‘तुला काय वाटतं?’ विचारू नका. तिलाही सकाळी बातम्यांतूनच कळलेलं असतं.

मुलगी तिकडे शिकायला येतेय, हिजाब घालते. सोबत काय आणावं?

सुती आतल्या टोप्या डझनभर आणा, मोहम्मद अली रोडवर मिळतात तशा इथे मिळत नाहीत. टाचण्या नकोत, चुंबक इथे मिळतील. व्हिसाचा फोटो कान झाकून पण चेहरा पूर्ण उघडा असा काढा आणि गडद पार्श्वभूमी टाळा. फ्रान्सला जात असेल तर विद्यापीठात अडचण नाही, पण इंटर्नशिपच्या करारातला पोशाखाचा नियम सही करायच्या आधी वाचायला सांगा. सरकारी दवाखान्यात किंवा शाळेत इंटर्नशिप असेल तर स्कार्फ काढावा लागेल, हे घरून निघायच्या आधीच माहीत असू द्या. तिकडे गेल्यावर कळण्यापेक्षा बरं.

बॅगेत जागा उरली तर माझ्यासाठी कोकम आगळाची एक बाटली. झाकणावर चिकटपट्टी मारून, दोन पिशव्यांत. मागच्या वेळी भाचीच्या बॅगेत सांडली आणि तीन पांढरे स्कार्फ गेले.